अंगठ्याच्या बुडाशी

मला किळस फार लवकर येते. नागपूरला घरी कुणी माझ्या पेल्याने पाणी प्यायलं की मी तो पेला पुन्हा घासायला टाकत असे. बाबा खर्रा खायचे. विदर्भाबाहेरच्यांना सांगायला हवं, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून घोटलेला प्रकार. तो गालात धरून माणूस तासन्‌तास मुका राहतो आणि मग दिसेल त्या भिंतीवर मोकळा होतो. बाबांच्या ऑफिसचा जिना मी फ्रॉकचा घेर आवळून चढायची. अमेरिकेला जायचं ठरलं तेव्हा मैत्रिणींना मी करिअर, एक्स्पोजर असलं काहीबाही सांगितलं. खरं कारण निदान अर्धं तरी तो जिना होता.

अशा मुलीने फिजिओथेरपी का शिकावी, असं घरी सगळे विचारत. पण लोकांच्या घामट पाठी, भेगाळलेल्या टाचा, ऑपरेशननंतरचे सुजलेले गुडघे यांची मला कधीच घाण वाटली नाही. शरीर दुखतं त्यात त्याचा काय दोष? मला घाण वाटते ती माणसांच्या सवयींची. हा फरक मी मोठ्या ऐटीत सांगत असे. पुढे तो माझ्याच अंगाशी आला, तेव्हापासून सांगत नाही.

२००२ साली मी शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या एका क्लिनिकमध्ये कामाला लागले. क्लिनिक स्ट्रिप मॉलमध्ये होतं, एका बाजूला डोनटचं दुकान, दुसऱ्या बाजूला गालिच्यांचं. मालक हाडांचे डॉक्टर, सत्तरच्या दशकात मुंबईहून आलेले, आता साठी ओलांडलेले. महाराष्ट्र मंडळातले सगळे त्यांना काका म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. पहिले तीन महिने मी त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहिले. काकूंनी मला कुकर दिला, बर्फातले बूट दिले, ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी तीनदा नापास झाले तेव्हा चौथ्या वेळी त्या स्वतः शेजारी येऊन बसल्या. माझा एच-वन व्हिसा काकांनीच केला होता आणि ग्रीन कार्डही तेच करणार होते. क्लिनिकमध्ये बाकी सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. पेशंटसमोरसुद्धा काका म्हणणारी मी एकटीच. त्यांना ते आवडायचं. नवीन पेशंटला ते कौतुकाने सांगायचे, "वुई आर लाइक फॅमिली हिअर."

काकांना एक हौस होती. जवळच्या गावात दुसऱ्या फळीतली एक सॉकर टीम होती, सॉकर म्हणजे आपला फुटबॉल. ती कॉलेजच्या मैदानावर खेळायची, बघायला बहुतेक खेळाडूंचे नातेवाईक आणि काही म्हातारे पोलिश गृहस्थ यायचे. काका तिचे बिनपगारी टीम-डॉक्टर होते. त्याबद्दल त्यांना एक निळं जॅकेट मिळालं होतं. ते जॅकेट ते गणपतीच्या आरतीलासुद्धा झब्ब्यावर चढवायचे आणि काकू डोळे वटारायच्या. टीमचे जायबंदी खेळाडू आमच्याकडे यायचे आणि शेवटच्या अपॉइंटमेंट घ्यायचे, म्हणून ते माझ्या वाट्याला यायचे. बाकीच्या थेरपिस्टना घरी मुलंबाळं होती.

२००४च्या वसंतात त्यांचा राखीव गोलकीपर गुडघा घेऊन माझ्याकडे आला. नॉर्वेचा, चौतीस वर्षांचा, दारातून येताना सवयीने मान वाकवणारा. मी व्यायामाचं सांगत होते. त्याने माझ्या टेबलावरचा कागदी कप उचलला, तोंडातून पुढचे दोन दात काढले, त्यात ठेवले आणि तो कप माझ्या फाइलींवर ठेवला. व्यायाम करताना दात आवळले जातात, तुटू नयेत म्हणून, असं त्याने समजावलं. त्याच कपातून मी दहा मिनिटांपूर्वी पाणी प्यायले होते. मग माझ्या लक्षात आलं की त्याचा वरचा ओठ एका बाजूने फुगलाय. हिरडीत पू झाला असावा असं वाटून मी वाकून बघायला गेले. त्याने ओठाखालून एक ओलसर पांढरी पुडी काढली आणि एका गोल डबीच्या झाकणात दाबून बसवली. तंबाखू होती! त्यांच्याकडे त्याला स्नूस म्हणतात आणि भले भले लोक खातात म्हणे. मी खर्ऱ्यापासून पळून अर्धी पृथ्वी ओलांडली होती आणि तो गोरा होऊन माझ्या टेबलावर आला होता.

सगळ्यात वाईट त्याचे हातमोजे. गोलकीपरचे ते जाडजूड मोजे, आतून घामाने कुजलेले, आठवडाभर न उघडलेल्या डब्यासारखा वास. दुसऱ्याच दिवशी त्याने ते माझ्या शेकाच्या पिशव्या तापवायच्या मशीनवर वाळत घातले. मी किंचाळलेच. ते मोजे ओले कशाने, हे कळलं तेव्हा तर मला बसावं लागलं. सामन्याआधी तो त्यांच्यावर थुंकायचा. एकदा नाही, चांगला तीन-चारदा, आणि मग दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायचा.

"नॉर्वेत पाणी मिळत नाही का?" मी विचारलं.

"पाणी लगेच वाळतं," तो शांतपणे म्हणाला. "थुंकी टिकते. चेंडू चिकटतो."

जाताना त्याने हात पुढे केला. शिष्टाचार म्हणून मी तो घेतला आणि तो वळल्याबरोबर सिंककडे धावले. साबण लावून एकदा धुतला, पुन्हा एकदा धुतला. मान वर केली तर तो दारात उभा, विसरलेली डबी घ्यायला परत आलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पुढच्या खेपेला तो आत आला तो सरळ सिंकवर गेला. कोपरापर्यंत साबण लावला, ऑपरेशनला निघालेल्या सर्जनसारखे दोन्ही हात वर धरून माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आता चालेल?" मी हसले. तेव्हापासून हा आमचा नेमच झाला. तो यायचा, हात धुवायचा, वर धरून दाखवायचा, आणि मगच आम्ही हात मिळवायचो.

त्याची सगळी कारकीर्द मला त्याच्या शरीरावरून कळली. डाव्या हाताची वाकडी करंगळी स्वीडनची. दात स्कॉटलंडमध्ये गेले, एका बचावपटूच्या टाचेने, आणि तो बचावपटू त्याच्याच संघाचा होता. गुडघ्यावरचा व्रण सायप्रसचा, तिथे मैदानात खडी होती. मध्ये डेन्मार्क, बेल्जियम, पुन्हा नॉर्वे. सोळा वर्षांत अकरा क्लब. मला वाटलं, म्हणजे मोठाच खेळाडू असणार. तो म्हणाला, छे. मोठ्या खेळाडूला कुणी सोडत नाही. मी तो माणूस आहे, जो खरा गोलकीपर आजारी पडला तर असावा म्हणून ठेवतात.

फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं, त्याने सांगितलं. बाकीच्या जागांवर सामन्यात खेळाडू बदलतात, राखीव माणसाला शेवटची दहा मिनिटं तरी मिळतात. गोलकीपर कुणी बदलत नाही. त्यामुळे तो दर शनिवारी बॅग भरायचा, मोजे घालायचा, सराव करायचा आणि मग दीड तास बाकावर बसायचा. थंडीत मांडीवर ब्लँकेट घेऊन. स्वतः खेळला त्यापेक्षा कितीतरी जास्त सामने त्याने बसून पाहिले होते. त्याचं गाव मासेमारीचं, पार उत्तरेला. वडील आयुष्यभर कॉड मासे साफ करत. "त्यांच्या हातांपेक्षा माझे मोजे बरे," तो म्हणायचा. वडील फोनवर दर रविवारी एकच प्रश्न विचारायचे, खेळलास का? आणि तो दर रविवारी सांगायचा, नाही.

जूनमध्ये पहिला गोलकीपर गुडघ्याचा अस्थिबंध फाडून सीझनभर घरी बसला. आमचा माणूस गोलमध्ये उभा राहिला. त्या आठवड्यात तो आला तेव्हा त्याने हात धुतले, वर धरले आणि तसाच उभा राहून म्हणाला, "शनिवारी उठलो आणि मला माहीत होतं की मी खेळणार आहे. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं." त्याच्या करारात अट होती, ठरावीक सामने खेळला तर आणखी एक वर्ष. वर्ष मिळालं की व्हिसा. नाही मिळालं तर पुन्हा फोन, पुन्हा बाक, नाहीतर घरी जाऊन कॉड. "मला एक पूर्ण सीझन हवाय," तो म्हणाला. "एकच."

चौथ्या सामन्यात तो उजव्या तळहातावर पडला.

सोमवारी मी मनगट पाहिलं. सूज फारशी नव्हती. अंगठा ताणला की त्याच्या बुडाशी, मनगटाच्या बाजूला, एक खळगा पडतो. त्या खळग्याखाली काजूएवढं एक हाड असतं. हातावर पडलेल्या माणसाचं सगळ्यात आधी तिथे दाबायचं, हे आम्हाला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी शिकवतात. ते हाड मोडलं तर एक्स-रेमध्ये सुरुवातीला कित्येकदा दिसत नाही. त्याला रक्तपुरवठा जेमतेम, प्लास्टर घालून गप्प ठेवलं नाही तर त्यातला अर्धा तुकडा मरतो. मी दाबलं. तो टेबलावरून उडाला.

"दुखलं?"

"नाही," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं.

मी पुन्हा हळूच दाबलं. तो पुन्हा उडाला, पुन्हा नाही म्हणाला. मग म्हणाला, "हे बघ, मला आत्ता खरं बोलता येणार नाही. तुला येईल. तू जे लिहिशील ते मी मान्य करीन. प्लास्टर म्हणालीस तर प्लास्टर."

मी लिहिलं. अंगठ्याच्या बुडाशी दाबल्यावर तीव्र वेदना, हाड मोडल्याची शंका, प्लास्टर घालून दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. खाली सही केली आणि फाइल काकांच्या टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी बोलावलं. दार लावून घेतलं, घरून आणलेल्या थर्मासमधला चहा माझ्यासाठी ओतला.

"बस गं. हे तू लिहिलंयस, शुअर आहेस?"

"हो काका. दाबलं की उडतोच तो."

"अगं, एक्स-रे क्लीन आहे. मी स्वतः पाहिलाय."

"पण सुरुवातीला कधीकधी दिसत नाही ना. प्लास्टरची कास्ट घालून परत एकदा..."

"आता हे मला शिकवणार तू?" ते हसले. रागावले मुळीच नाहीत. "हे असं चार्टमध्ये राहिलं की मला कास्ट घालावीच लागणार. कास्ट घातली की त्याचा सीझन गेला, व्हिसा गेला. टीमकडे दुसरा कीपर नाहीये, मॅनेजर रोज फोन करतोय. तो स्वतः काय म्हणतो?"

"तो म्हणतो दुखत नाही."

"मग झालं तर! पेशंट म्हणतो दुखत नाही, एक्स-रे म्हणतो ब्रेक नाही, मध्येच तू कशाला डिटेक्टिव्ह होतेस? माइल्ड सोअरनेस लिही, टेप लावून खेळू दे. पान परत लिहून दे मला. आणि हां, तुझी ग्रीन कार्डची फाइल ह्या वीकमध्ये वकिलाकडे पाठवतोय. शनिवारी मॅचला येतेस ना? काकू बटाटेवडे करतेय."

"बरं काका," मी म्हणाले.

ती धमकी होती का? मी यावर खूप विचार केलाय. नसावी. काका एका दमात दहा विषय बोलायचे. धमकी असती तर मला बरं वाटलं असतं, निदान मी घाबरले असं म्हणता आलं असतं. पण मी घाबरले नव्हते. मला फक्त काकांना नाही म्हणता येत नव्हतं. आमच्याकडे काकांना नाही म्हणायची पद्धतच नाही. आपण समोर बरं म्हणतो, नंतर स्वयंपाकघरात येऊन काकूंजवळ कुरकुर करतो, आणि काकू म्हणतात, त्यांचं असंच आहे गं, आणि विषय संपतो. माझ्या जागी दुसरी थेरपिस्ट असती, पोलिश किंवा मेक्सिकन, तर ती "डॉक्टर, आय डिसअग्री" म्हणून पान तसंच ठेवून गेली असती, आणि काकांनी ते मुकाट्याने मानलंही असतं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. मी त्यांना डॉक्टर होऊच दिलं नव्हतं. दोन वर्षं चारचौघांत काका काका करून माझी बोलायची जागा मीच घालवून बसले होते.

मी नवीन पान घेतलं. तेच पेन, तीच तारीख. मनगटात किरकोळ दुखणं, टेप लावून खेळण्यास हरकत नाही. जुनं पान चार तुकडे करून कचऱ्यात टाकलं आणि वर डोनटची पिशवी टाकली.

तो संध्याकाळी आला. हात धुतले, वर धरले. मला त्याच्याकडे बघवेना.

"मुरगळलंय फक्त," मी म्हणाले. "डॉक्टर तसंच म्हणतात."

"आणि तू?"

"मीही."

तो इतका मोठ्याने हसला की पलीकडच्या टेबलावरची आजी दचकली. मग मी त्याच्या मनगटाला टेप लावला. पुढे सीझनभर दर शनिवारी तो टेप मीच लावला. चांगला लावायचे. माझ्या हाताला सफाई आहे, असं तो म्हणायचा.

शनिवारी मी मॅचला गेले. काकूंनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, वडे फॉइलमध्ये, चटणी जुन्या दह्याच्या डब्यात. काका जॅकेट घालून बाकावर खेळाडूंच्या शेजारी बसले होते. तो गोलमध्ये गेला, मोज्यांवर थुंकला, आणि मला पहिल्यांदा त्याची किळस आली नाही. मला माझीच आली. तो चांगला खेळला, अगदी माझ्यासारखीला कळावं इतका चांगला. पण मी एकटी त्याच्या मनगटाकडे बघत होते आणि दिसायचं ते मला दिसत होतं. उंच चेंडू तो डाव्या मुठीने ढकलत होता. जमिनीवरून उठताना डाव्या हातावर उठत होता. उजवा हात नुसता सोबतीला होता. आजूबाजूचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. काकू म्हणाल्या, "किती गोड आहे ना तो? आणखी एक घे." मी आणखी एक वडा घेतला आणि खाल्ला.

टीम पुढच्या फेरीत गेली. त्याचे सामने भरले, करार वाढला, व्हिसा मिळाला. काकांनी सगळ्या टीमबरोबर काढलेला फोटो क्लिनिकच्या भिंतीवर लावला. तोच फोटो २००८ साली मंडळाने काकांचा सत्कार केला तेव्हा स्मरणिकेत छापला गेला, खाली 'क्रीडाक्षेत्रातही सेवा' असं लिहून. मी त्या सत्काराला गेले होते. श्रीखंड खाल्लं, रांगेत उभं राहून पाया पडले.

२००५च्या मार्चमध्ये सराव सुरू झाला आणि त्याला उजव्या हाताने दार उघडता येईना. टीमने एमआरआय काढला. ते छोटं हाड मधोमध दोन तुकडे, आणि एक तुकडा मेलेला. काकांनी फिल्म दिव्यावर लावून बराच वेळ पाहिली. मग मला म्हणाले, "धिस इज न्यू. ऑफ-सीझनमध्ये काहीतरी उद्योग केला असणार त्याने. बर्फात वगैरे पडला असेल." मी ऐकून घेतलं. या वेळी बरं काका म्हणाले नाही, एवढाच माझा पराक्रम. दुसरं काही म्हणाले नाही. टीमने त्याला महिन्याभरात मोकळं केलं. शिकागोतल्या एका सर्जनने मेलेला तुकडा काढून मनगट कायमचं जोडून टाकलं. ते दुखायचं थांबलं, पण पुन्हा वाकणार नव्हतं. ऑगस्टमध्ये ऑपरेशननंतर हाताला बांधलेला टेकू सुटला आणि त्याच सुमारास माझ्या ग्रीन कार्डच्या फाइलचा पहिला टप्पा मंजूर झाला. काकूंनी शिरा केला. मी तो दोनदा वाढून घेतला.

सप्टेंबरात तो फाइलची कॉपी मागायला आला. नॉर्वेत परत चालला होता, तिथल्या डॉक्टरांना सगळे कागद लागणार होते. कॉपी काढायचं काम रिसेप्शनवरच्या मुलीचं, तिच्याकडे सोपवून मी आतल्या खोलीत जाऊन बसू शकले असते. पण तो आधी सिंकवर गेला. एका हाताने दुसरा हात धुणं त्याला नीट जमत नव्हतं, तरी धुतला, आणि दोन्ही हात वर धरले. उजवा थोडा खालीच राहिला. आम्ही डाव्या हाताने हात मिळवला. मग मी कॉपी काढून आणली.

तो स्टुलावर बसून एकेक पान वाचू लागला. पानावर बोट ठेवून, सावकाश. त्याला इतकं नीट वाचताना मी कधी पाहिलं नव्हतं. एका पानावर बोट थांबलं. त्याने मागचं पान उलटून पाहिलं, पुढचं पाहिलं, पुन्हा त्याच पानावर आला.

"शिकागोच्या सर्जनने मला विचारलं," तो म्हणाला, "पहिल्या दिवशी अंगठ्याच्या बुडाशी कुणी दाबून पाहिलं नाही का? मी म्हटलं, पाहिलं तर. माझी थेरपिस्ट हुशार आहे, तिने पहिलं तिथेच दाबलं. ते म्हणाले, मग तिने लिहिलं असेल."

त्याने ते पान माझ्यापुढे धरलं.

"मी उडालो होतो ना?"

"हो."

"ते इथे नाहीये."

"लिहिलं होतं," मी म्हणाले. "मग ते पान परत लिहिलं."

कुणी सांगितलं हे त्याने विचारलं नाही. भिंतीवर निळ्या जॅकेटमधले काका हसत होते, त्याला तेवढं पुरलं असावं. तरी मी सांगू लागले. काकांचं घर, बेसमेंट, माझा व्हिसा, माझी फाइल, आमच्यात मोठ्यांना उलटून बोलत नाहीत वगैरे. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू आला. तो माझ्याइतकाच व्हिसावर होता, आणि मी त्याला व्हिसाचं कारण सांगत होते. मी थांबले.

"प्लास्टर घातलं असतं तर?" त्याने विचारलं.

"बहुतेक जुळलं असतं."

"किती दिवसांत?"

"बारा आठवडे. फार तर चौदा."

तो फाइलीकडे बघत राहिला. "मी सोळा वर्षं बसलो," तो म्हणाला. "बारा आठवडे बसलो असतो."

"पण मग तुझा सीझन गेला असता," मी म्हणाले. हे मी का म्हणाले मला माहीत नाही. माणूस स्वतःला वाचवायला काहीही बोलतो.

"गेला असता. बारावा क्लब शोधला असता. ते मला येतं." मग तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मी तुला सांगितलं होतं, मला खरं बोलता येणार नाही. म्हणून तर तुझ्यावर सोडलं होतं."

त्याने कागद जुळवले आणि बॅगेत ठेवले. बॅगेत मोजे नव्हते. वास मात्र होता. तो उठला, आणि त्याच्या देशात कसं वाढवतात कोण जाणे, त्याने डावा हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत धरला. सॉरी म्हणाले. मराठीत रडले, इंग्रजीत सॉरी म्हणाले. त्याने हात हळूच सोडवून घेतला.

मग तो सिंककडे गेला. साबणाची बाटली कोपराने दाबली. वाकत नसलेल्या उजव्या हाताच्या पाठीवर डावा हात घासत राहिला, बोटांच्या मध्ये, नखांच्या खाली, मी घासते तसा. नळ बंद केला, कागदी टॉवेलने हात पुसले, टॉवेल कचऱ्याच्या डब्यात टाकला, बॅग खांद्याला लावली आणि दारात मान वाकवून निघून गेला. या वेळी त्याने हात वर धरून मला दाखवले नाहीत.